सात मीटरला तीन सेंटीमीटर कमी

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या कुठल्याही गल्लीत मान वर केली की कुठे पत्र्यावर, कुठे स्लॅबवर, कुठे जुन्या माळवदाच्या कडेला डिशची थाळी दिसते. थाळीच्या दांडीवरून निघालेली काळी केबल भिंतीवरून खाली उतरते आणि खिडकीच्या फटीतून घरात शिरते. बसवायला आलेला मुलगा ती कधी मापून आणत नाही. भेंडोळं सोडतो, टीव्हीपर्यंत पोचली की कटर लावतो आणि उरलेली हातभर केबल खिळ्याला गुंडाळून ठेवतो. हातभर कमी-जास्त झाल्यानं चित्रात काही फरक पडत नाही.

हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम, याच जातीच्या केबलीचा तुकडा हातात घेतो तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या फरकासाठी संध्याकाळ घालवतो. त्याला ती केबल कुठे न्यायचीच नसते. तिचं एक टोक त्याच्या यंत्राला जोडलेलं असतं आणि दुसरं कशालाच नसतं. ते नुसतं लोंबत राहतं. या आंधळ्या फाट्याला हॅम मंडळी ‘स्टब’ म्हणतात. तो कुठेही जात नाही, पण वाटेवरून जाणाऱ्या लहरींपैकी कोणती पुढे जाईल आणि कोणती तिथेच मरेल, हे त्याची लांबी ठरवते.

हे कसं घडतं ते बैलाच्या कासऱ्यावर दिसतं. कासऱ्याचं एक टोक खुंट्याला घट्ट बांधावं, दुसरं हातात धरून एकदाच वर झटका द्यावा. दोरावरून एक उंचवटा धावत खुंट्याकडे जातो, तिथे आपटतो आणि परत येतो. पण येताना तो उलटा होऊन, खालच्या अंगानं येतो. आता तेच टोक खुंट्याला न बांधता सैल लोंबतं ठेवलं, तर उंचवटा जसा गेला तसाच, सुलटा परत येतो. केबलीतही तसंच होतं. टोकाशी मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना जोडली, म्हणजे टोक ‘शॉर्ट’ केलं, की विजेचा दाब उलटा होऊन परततो. टोक उघडं ठेवलं की सुलटा परततो.

आता लांबी मोजून पाव तरंगलांबीएवढी घ्यायची. पाव जायला, पाव यायला, मिळून प्रवास अर्ध्या तरंगाचा होतो. तेवढ्या वेळात मूळ लहर शिखरावरून दरीत पोचलेली असते. उघड्या टोकाचा स्टब असेल तर परत आलेलं शिखर नेमकं त्या दरीवर येऊन पडतं, दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात आणि त्या वारंवारितेपुरती यंत्राच्या तोंडाशी जणू कुणी शॉर्ट मारलेली असते. टोक शॉर्ट केलेल्या स्टबमध्ये लहर आधीच उलटून येते, म्हणून ती दरीला दरी, शिखराला शिखर अशी जुळते. त्या वारंवारितेला स्टब जणू जोडलेलाच नाही.

दुप्पट वारंवारितेला मात्र चित्र फिरतं. तरंग निम्मा आखूड झाला, म्हणून तोच तुकडा आता पाव नव्हे, अर्धी तरंगलांबी भरतो. जो सात मेगाहर्ट्झला वाट देत होता तो चौदाला अडवतो. जो सातला अडवत होता तो चौदाला सोडतो. हॅमसाठी स्टबचं सगळं मोल या उलटापालटीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. त्या भूकंपानंतरच्या मदतकार्यात हॅम रेडिओचालकांनी संदेशवहनाचा भार उचलला, तसाच पुढे २००१च्या गुजरात भूकंपातही उचलला. अशा ठिकाणी एकाच तंबूत दोन केंद्रं चालवायची वेळ येते. एक ७ मेगाहर्ट्झवर, कारण दिवसा तो पट्टा राज्याच्या आतल्या अंतरांना पुरतो. दुसरं १४ मेगाहर्ट्झवर, लांबच्या गावांसाठी. दोघांचे अँटेना वीस-तीस पावलांवर. आणि इथे दोन्ही केंद्रं एकमेकांचा गळा धरतात.

कुठलाही ट्रान्समीटर आपल्या मूळ वारंवारितेबरोबर तिची दुप्पट, तिप्पटही थोडी थोडी ओकत असतो. समजा ७.१ मेगाहर्ट्झवर १०० वॉट जात आहेत आणि यंत्र चांगलं आहे, म्हणजे दुप्पट वारंवारितेचा अंश मूळच्या ४३ डेसिबल खाली आहे. तरी १४.२ मेगाहर्ट्झवर ५ मिलिवॉट उरतात. ऐकायला नगण्य. पण दोन अँटेनांमध्ये २० डेसिबलची घट धरली, तरी शेजारच्या रिसीव्हरच्या काट्यावर तो आवाज ‘एस-नऊ’ या जोरदार संदेशाच्या खुणेच्याही ६० डेसिबल वर जाऊन बसतो. दूरवरून कुणी मदत मागत असेल, तर त्याचा क्षीण आवाज या गोंगाटाखाली गाडला जातो.

यावर उपाय म्हणजे एकाच मापाचे दोन तुकडे. सात मेगाहर्ट्झच्या केंद्रावर टोक शॉर्ट केलेला, तो सातला वाट देतो आणि चौदाला गिळतो. चौदाच्या केंद्रावर उघड्या टोकाचा, तो चौदाला वाट देतो आणि शेजाऱ्याच्या सातच्या माऱ्याला अडवतो. केबल तीच आणि माप तेच. फक्त टोकाशी तार जाळीला टेकली आहे की नाही, एवढाच फरक.

हे माप काढायचं कसं? प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणून मोकळ्या हवेत पाव तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर ७५ला मेगाहर्ट्झनं भागावं. ७.१साठी १०.५६ मीटर येतात. पण केबलीत लहर हवेतून चालत नाही, मधल्या तारेभोवतीच्या प्लॅस्टिकमधून चालते, आणि तिथे तिची चाल मंदावते. घन पॉलिथिलिन असेल तर वेग प्रकाशाच्या ६६ टक्के, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन लाख किलोमीटर. १०.५६ला ०.६६नं गुणलं की ६.९७ मीटर. सात मीटरला तीन सेंटीमीटर कमी.

या ०.६६ला वेग-गुणक म्हणतात आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. आरजी-५८ किंवा आरजी-२१३ या घन रोधकाच्या केबली असल्या तर ०.६६ जवळपास बरोबर निघतो. डिशच्या आरजी-६ केबलीत मात्र रोधक फेसाळ असतो, त्यात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून लहर जरा मोकळी धावते आणि गुणक ०.८२ ते ०.८५च्या घरात जातो. त्याच ७.१ मेगाहर्ट्झसाठी ०.८३ धरला तर तुकडा ८.७७ मीटरचा होतो. एका केबलीचं माप दुसरीला लावलं तर पावणेदोन मीटरची चूक. आणि फेस किती फुगला हे कारखान्यातल्या त्या दिवसाच्या घाण्यावर अवलंबून असतं; वेष्टनावरचा आकडा हा अंदाज समजावा.

म्हणून जाणकार हॅम आधी केबलीलाच विचारतो. अनोळखी केबलीचा पाच मीटरचा तुकडा काळजीपूर्वक मोजून घ्यायचा, दूरचं टोक उघडं ठेवायचं आणि कोणत्या वारंवारितेला तो शॉर्टसारखा वागतो ते पाहायचं. समजा ती १२.४५ मेगाहर्ट्झ निघाली. पाचला १२.४५नं गुणून ७५नं भागलं की ०.८३. आता त्या भेंडोळ्याचा स्वभाव कळला. पुढच्या भेंडोळ्याला हे पुन्हा करायचं.

पूर्वी हे पाहायला ग्रिड-डिप मीटर लागे. त्याची कॉईल केबलीच्या तोंडाशी केलेल्या वेटोळ्याजवळ धरायची, चकती फिरवायची आणि काटा कधी दचकतो याकडे डोळे लावायचे. हात थरथरला तरी वाचन बदले. २०१९च्या सुमारास नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र स्वस्तात मिळू लागलं आणि हौशी माणसाचं काम बदलून गेलं. दोन तोंडांच्या मध्ये टी-कनेक्टर लावायचा, टीच्या तिसऱ्या तोंडाला स्टब लोंबवायचा, की पडद्यावरच्या आलेखात खोल खाच दिसते. खाच जिथे, तिथे स्टब लहर गिळतो आहे.

मोजताना खाचच पाहावी, माथा पाहू नये. ज्या वारंवारितेला स्टब वाट देतो तिथे आलेख सपाट, पसरट असतो. नेमकं कुठे बोट ठेवावं कळत नाही. खाच सुरीच्या पात्यासारखी अरुंद असते. शॉर्ट टोकाचा सातचा स्टब असेल तर तो चौदाच्या खाचेवर जुळवायचा.

कापताना शिंप्यासारखं ‘शिवणीत सोडून’ कापायचं. हिशेब ६.९७ सांगत असेल तर ७.३० कापावा, खाच पाहावी, ती नक्कीच हव्या जागेच्या खाली निघेल. मग टोकाकडून थोडं थोडं छाटत यायचं. सात मेगाहर्ट्झवर एक सेंटीमीटर कापला की खाच साधारण १० किलोहर्ट्झ वर सरकते. भारतात हा पट्टा ७.० ते ७.२ असा २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे हाताला वाव आहे. १४५ मेगाहर्ट्झवर तो नाही. तिथे घन पॉलिथिलिनचा पाव तुकडा अवघा ३४ सेंटीमीटर. एक सेंटीमीटर जादा गेला तर खाच चार मेगाहर्ट्झच्या वर उडी मारते, आणि तो सगळा पट्टाच मुळी १४४ ते १४६ असा दोन मेगाहर्ट्झ रुंद आहे. एका चुकलेल्या कटात खाच पट्ट्याबाहेर. तिथे छाटणी मिलिमीटरनं करतात, आणि टी-कनेक्टरच्या पोटातलं अंतरही लांबीत धरतात, कारण लहरीच्या लेखी स्टब टीच्या मध्यापासून सुरू होतो, केबलीच्या सालीपासून नव्हे.

शॉर्ट टोकाचा स्टब छाटणं जिकिरीचं, दर वेळी कथलाचा डाग काढा आणि पुन्हा द्या. म्हणून टोक उघडं ठेवूनच आधी खाच ७.१वर आणायची आणि मग शेवटी एकदाच मधली तार जाळीला वळवून डाग द्यायचा. त्यात गेलेले दोन-चार मिलिमीटर सातच्या पट्ट्यावर कुणाला कळत नाहीत. दुसरी युक्ती टाचणीची: केबलीच्या सालीतून टाचणी आरपार टोचली की ती जाळी आणि मधली तार जोडते, तेवढ्यापुरतं तिथेच टोक झालं. खाच पाहावी, टाचणी पुढे-मागे करावी, जागा सापडली की तिथेच कापावं.

डिशच्या केबलीनं हे काम भागतं का? काही अंशी. ती ७५ ओहमची आहे आणि हॅमची यंत्रं ५० ओहमची, पण स्टबच्या बाबतीत ती फारशी अडचण नाही. खरी अडचण धातूची आहे. स्वस्त आरजी-६मध्ये मधली तार पोलादाची आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. जाळी आणि पत्रा ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियमवर कथील धरत नाही, म्हणून टोक शॉर्ट करायला दाबून बसणारा कनेक्टरच लागतो. वारंवारिता जितकी खालची तितका प्रवाह मुलाम्याच्या आत पोलादात उतरतो, तिथे तो तापून वाया जातो आणि खाच उथळ होते. खाचेची खोली केबलीच्या दर्जावर ठरते. ७.१चा शॉर्ट स्टब बारीक आरजी-५८चा केला तर १४.२वर साधारण २२ डेसिबल अडवतो, जाड आरजी-२१३चा केला तर २८च्या आसपास. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरतो, ३० म्हणजे हजारातला एक. तंबूतल्या त्या गोंगाटाला २८नं मुकं करता येत नाही, पण त्याच्या शेजारी बसून ऐकण्याजोगं होतं. अँटेना आणखी दूर नेणं हे दुसरं औषध, ते सोबत घ्यावंच लागतं.

स्टबची मर्यादाही ताडकळसवरूनच कळते. परभणी आकाशवाणीची मध्यम लहर १३०५ किलोहर्ट्झची. तरंगलांबी सुमारे २३० मीटर. ही बळकट लहर रिसीव्हरमध्ये घुसते म्हणून कुणी तिला अडवायचा पाव तरंगाचा स्टब करायचं ठरवलं, तर डिशच्या केबलीचे ४८ मीटर लागतील. १०० मीटरच्या भेंडोळ्यात असे दोनच तुकडे बसतात. इतका लांब फाटा वरच्या पट्ट्यांवर काय काय उचापती करेल त्याचा नेम नाही. तिथे काडेपेटीत मावणारी कॉईल आणि कंडेन्सरची जोडी तेच काम नीट करते. पाव तरंग खोलीत मावू लागला की स्टबचं राज्य सुरू होतं.

सात मेगाहर्ट्झचा हा पट्टा महाराष्ट्राच्या इतिहासात एकदा फार मोलाचा ठरला आहे. ऑगस्ट १९४२मध्ये, ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समीटर उभा करण्याचं तांत्रिक काम नरिमन प्रिंटर या रेडिओतज्ज्ञाकडे होतं. केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. ३००ला ४२.३४नं भागलं की ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजच्या हॅमच्या ४० मीटर पट्ट्याच्या मधोमध. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्यानं जागा बदलत बदलत हे प्रसारण चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ला धाड पडली आणि उषाताई पकडल्या गेल्या. त्या लहरीसाठी आज कुणी पॉलिथिलिनच्या केबलीचा पाव स्टब कापला, तर तो सात मीटरला फक्त एक सेंटीमीटर कमी भरेल. त्या वेळी अशी केबल मुंबईच्या बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पॉलिथिलिन हाती लागून जेमतेम नऊ वर्षं झाली होती आणि इंग्लंडमध्ये होतं तेवढं सगळं रडारच्या केबलींत जात होतं.

केबलीची ‘विद्युत लांबी’, म्हणजे लहरीच्या लेखी असलेली लांबी, मोजण्याचं काम महाराष्ट्रात सगळ्यात मोठ्या हिमतीनं झालं ते कल्याणला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या पॉट्स हिलला, सूर्याकडे तोंड केलेल्या ३२ लहान थाळ्यांच्या रांगेवर शिकले होते. प्रत्येक थाळीची १.८ मीटरची रुंदी काही विशेष नव्हती. कठीण होतं ते त्या सगळ्यांचे संदेश एकाच ठिकाणी, एकाच पावलावर आणणं. एका थाळीची लहर शिखरावर असताना दुसरीची दरीत पोचली, तर स्टबमध्ये जे मुद्दाम करतात ते इथे नकळत होतं: दोघी एकमेकींना पुसतात. त्या थाळ्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या स्वरूप यांच्या तरुण चमूनं त्या कल्याणजवळ उभ्या केल्या: २४ पूर्व-पश्चिम, ६३० मीटरच्या ओळीत, आणि ८ दक्षिणोत्तर, २५६ मीटरच्या ओळीत. लहर ६१० मेगाहर्ट्झची. साध्या घन पॉलिथिलिनच्या केबलीत तिचा तरंग साडेबत्तीस सेंटीमीटरपेक्षाही थोडा आखूड, म्हणजे कुठल्या एका वाटेत एक सेंटीमीटरची चूक राहिली तर लहर ११ अंशांनी मागे-पुढे होते.

६३० मीटरच्या ओळीत पट्टी घेऊन सेंटीमीटर सांभाळणं अशक्य. स्वरूप यांच्याकडे मात्र वेगळी युक्ती तयार होती. अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांनी आणि यांग या सहकाऱ्यानं ती बसवली आणि १९६१मध्ये प्रसिद्ध केली. मधल्या ठाण्यातून लहर वाटेवरून थाळीकडे सोडायची. थाळीच्या मुळाशी एक डायोड ठरावीक ठेक्यानं चालू-बंद करायचा, की तिथून परतणाऱ्या लहरीवर तो ठेका उमटतो. परतलेल्या गर्दीतून ठेक्याची लहर तेवढी निवडायची आणि ती गेलेल्या लहरीपेक्षा किती मागे आहे ते पाहायचं. जाऊन येऊन झालेला उशीर कळला की निम्म्यात वाटेची लांबी कळली. कासऱ्याला झटका देऊन खुंटा किती लांब आहे हे ओळखण्यासारखंच हे. पुढे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी ही जाण्या-येण्याच्या मोजणीची कल्पना उचलली. कल्याणनंतर स्वरूप उटीला गेले, तिथून जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांपर्यंत पोचले.

हॅमच्या टेबलावर नॅनोव्हीएनए करतो तेही याच जातीचं काम: लहर सोडतो, परतलेली ऐकतो, दोघींमधलं अंतर सांगतो. ते मोजायला परवाना लागत नाही. हवेत बोलायला लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन तो दूरसंचार विभागाकडून मिळवता येतो. पूर्णा तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या विज्ञानखोलीत उरलेली डिशची केबल, टाचणी आणि मोजपट्टी एवढ्यावर वेग-गुणक काढण्याचा प्रयोग सहज होईल, यंत्र तेवढं उसनं आणावं लागेल.

तयार झालेला स्टब लोंबता ठेवायची गरज नसते. लहर जाळीच्या आतच फिरते, बाहेर येत नाही, म्हणून सात मीटर गुंडाळून वीतभर व्यासाचं भेंडोळं केलं तरी खाच जागची हलत नाही. पाण्यापासून मात्र त्याला जपावं लागतं. उघडं टोक न झाकता पत्र्याखाली टांगलं, तर श्रावणातली ओल जाळीच्या धाग्याधाग्यातून आत शिरते. पाण्यात लहर पॉलिथिलिनपेक्षा कितीतरी सावकाश चालते. म्हणून भिजलेला स्टब लहरीच्या लेखी लांब होतो, खाच खाली घसरते आणि उथळही होते. म्हणून छाटणी संपली की टोकावर आकसणारी रबरी नळी चढवून गरम करतात, भेंडोळ्याला दोन ठिकाणी सुतळी बांधतात आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहितात: ७.१ला वाट, १४.२ बंद, टोक शॉर्ट. पावसाळा सरला की भेंडोळं खाली काढून पुन्हा एकदा यंत्राला लावतात आणि खाच जिथे सोडली होती तिथेच आहे ना, ते पाहतात.